तिसरा घास

"शालन, एक घास राहिला बघ," मी म्हणाले.

शालनच्या हातातला झारा कढईवरच थांबला. तेलातला वडा लालचा काळपट व्हायला लागला तरी तिनं तो काढला नाही. चुलीच्या पलीकडं बसलेल्या आक्कांनी मान वर न करता सांगितलं, "दोनच ठेवायच्यात."

आक्का म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, आणि शालन त्यांची सून, नात्यानं माझी धाकटी जाऊ. त्या दिवशी आक्कांच्या मालकांचा म्हाळ होता. पितृपंधरवड्यात आमच्या गावात रोज कुणाच्या ना कुणाच्या घरातून वड्यांचा वास सुटतो आणि माझ्यासारख्या हात चालणाऱ्या बाईला रोज कुठलं ना कुठलं बोलावणं असतं. वडे, खीर, गवारीची भाजी, कढी, भात असं सगळं झालं, की माणसं जेवायला बसायच्या आधी घरातल्या गेलेल्यांच्या नावानं एकेक घास केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढायचा आणि कावळ्यांसाठी कौलावर ठेवायचा. आक्कांच्या घरात घास काढायचं काम माझ्याकडं असायचं. एक चुलत सासऱ्यांचा, एक आजेसासूबाईंचा आणि एक हणमंतचा.

हणमंत म्हणजे आक्कांचा एकुलता एक मुलगा, शालनचा नवरा. आमच्या भागातले पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी कुठल्या कुठं जातात, तसा तो ओरिसात एका गलाईच्या दुकानात कामाला होता. तिकडं नदीला पूर आला आणि भट्टीसकट दुकान वाहून गेलं. काही माणसं सापडली, काही नाही. हणमंत न सापडलेल्यांतला. दुकानाच्या मालकानं त्याची पिशवी आणि तिकडचा मयताचा दाखला आणून ओसरीवर ठेवला, तेव्हा आक्का जशा ओरडल्या ते मी जन्मात विसरणार नाही. माझ्या नवऱ्यानं पिठाच्या पुतळ्याला अग्नी दिला. त्यानंतर दोन वर्षं हणमंतचा घास मी काढत आले होते आणि आक्का तो रडत रडत कौलावर ठेवत आल्या होत्या.

आणि यंदा म्हणे दोनच.

"आणि हणमंत भावजींचा?"

"वडं जळाय लागल्यात, शालन," आक्का म्हणाल्या.

मी दोनच घास काढले, पण माझं डोकं काही गप्प बसेना. मी त्या वेळी गावची पोलीस पाटील होते. कुणाची मारामारी, कुणाची चोरी, विहिरीत कोण पडलं, सगळ्याची खबर वर द्यायचं काम. त्यात निराधारांच्या पगाराची चौकशीही यायची. गावात असल्या पेन्शनला पगारच म्हणतात. तलाठी भाऊसाहेब यायचे, विधवा खरंच विधवा आहे का, म्हाताऱ्याला खरंच कुणी नाही का ते विचारायचे आणि शेवटी माझी सही व्हायची. त्या सहीवर कुणाची चूल पेटायची आणि कुणाची विझायची. शालनला विधवेचा पगार होता. अंगणवाडीत मदतनिसाची जागाही तिला विधवा म्हणूनच आधी मिळाली होती. दोन्हीकडं सही माझी.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मोरीपाशी गेले तर रत्नाबाई तिथं उभ्या. आक्कांच्या शेजारीण, भिंतीला भिंत लागून घर.

"पाटलीणबाई, कौलावर दोनच घास दिसलं."

"तुम्ही जेवायला आला होता का घास मोजायला?"

"मोजायचं तुझ्याकडनंच शिकले की."

 रत्नाबाईंचे दोन्ही मुलगे मुंबईत मिळवते होते. आईला बघत नव्हते हे खरं, पण मिळवते होते हेही खरं. चौकशी झाली तेव्हा मी जे खरं ते सांगितलं आणि त्यांचा पगार बंद झाला. गावानं मला नावं ठेवली, पण मी मागं सरले नाही. एकीला सोडलं की दुसरीला कुठल्या तोंडानं विचारणार?

"हणमंत भावजींची तिथी कुणाला माहीत आहे?" मी म्हणाले. "पुरात गेलेला माणूस. त्याचा घास सर्वपित्रीला घालणार असतील."

बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. पाटलीण घरच्यांसाठी खोटं बोलायला किती पटकन शिकली!

"बरं," रत्नाबाई म्हणाल्या. "अमावास्येला बघू मग. जित्या माणसाचा घास कुठली आई घालती तेच बघायचंय मला."

म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं जे मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेबांचा फोन आला. लोखंडे म्हणून होते, नवीनच बदलून आलेले, बोलायला फार गोड आणि कामाला फार कडक.

"पाटीलताई, तुमच्या गावातून तोंडी तक्रार आलीय. शालन हणमंत यांचे पती जिवंत असल्याचा संशय आहे म्हणतात. बुधवारी येतो, जागेवरच चौकशी करू. तुमच्या नात्यातल्या आहेत ना त्या?"

"जाऊ आहे. चुलत."

"मग आधी तुम्हालाच विचारतो. काही कानावर आहे का?"

"बुधवारी या," मी म्हणाले. "जे असेल ते समोर येईल."

बुधवारी सर्वपित्री अमावास्या होती.

मी तशीच अंगणवाडीत गेले. पोरं घरी गेली होती आणि शालन खिचडीचं पातेलं घासत बसली होती. मी दार लोटून घेतलं आणि सरळच विचारलं, "हणमंत भावजी कुठं आहेत?"

तिनं पातेलं खाली ठेवलं. रडेल, पाया पडेल असं मला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही.

"तिकडंच," ती म्हणाली. "ओरिसातच. दुसऱ्या गावात. नवी भट्टी टाकलीया."

 मी पोरांच्या बुटक्या बाकड्यावर बसले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गेल्या दिवाळीच्या आदी फोन आला. मी म्हनलं, कोन? तर म्हनला, मी. जाऊबाई, मला आदी आनंद झाला वो. पयल्यांदा आनंदच झाला. मी आक्कास्नी हाका मारत सुटले." तिनं ओल्या हातानं केस मागं सारले. "मग म्हनला, माझा संसार हाय हितं. बायको हाय, पोरगं हाय. पुराच्या आदीपासनं. म्हनला, तुमी मला मेलाच समजा. माझ्या मागं कुनी येऊ नका."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? समजले मेला. समजायची सवय झालीच हुती की."

"शालन, हा गुन्हा आहे. आधीचं सोड, तेव्हा तुला माहीत नव्हतं. पण कळल्या दिवसापासून तू घेतलेला पगार खोटा आहे."

"ठाऊक हाय मला."

"मग सांगायचं नाही का? निदान मला?"

"काय सांगू? जाऊबाई, तुमी पाटलीण. तुमाला सांगितलं म्हंजी सरकारला सांगितलं." तिचा आवाज चढला. "पगार जाऊ द्या वो, रोजगाराला जाईन मी. पर ही अंगणवाडी गेली की माझ्या ऋतुजाचं नर्सिंग गेलं. केस झाली तर लेकीला कोन करून घील? आनि गावात मला काय म्हनतील? आज विधवा म्हनून मान हाय मला. या, बसा म्हनत्यात, चा घ्या म्हनत्यात. नवऱ्यानं टाकलेलीला कोन बसा म्हनतं?"

मला तिचा राग आला होता, आणि कीवही येत होती. हणमंत समोर असता तर मी माझी काठी त्याच्या पाठीत मोडली असती. आईला, बायकोला आणि पोरीला ज्यानं असं मारलं, तो तिकडं भट्टी फुंकत बसला होता आणि कायद्याच्या तावडीत सापडणार होती ती शालन.

"आक्का काय म्हणतात?"

"आक्का?" शालन पहिल्यांदा हसली, कडू हसली. "त्यांच्याशी बोलतो त्यो. अमावास्येला भट्टी बंद आसती तिकडं, तवा दुपारी फोन करतो. मी फोन त्यांच्या हातात दिऊन शेतात जाते. आई हाय, तिचं काय चुकलं? घास घाला असं मी एकदाबी म्हनले न्हाई त्यास्नी. कुठल्या तोंडानं म्हनू?"

संध्याकाळी मी आक्कांकडं गेले. नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्यानं पुतळ्याला अग्नी दिला होता, त्याला कळतं तर तो त्याच रात्री ओरिसाची गाडी धरता.

आक्का ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी समोर बसले आणि मुठीनं शेंगा उचलल्या.

"आक्का, बुधवारी तलाठी येणार. मला विचारलं की मी खरं सांगणार."

"सांग की. खरं सांगायला कोन नगं म्हनलंय?"

"शालनचं काय होईल ते माहीत आहे ना?"

शेंग फुटली, दाणे सुपात पडले. आक्कांनी पुढची शेंग घेतली. मग एकदम त्यांचे हात थांबले.

"जयमाला, तुला पोरगा हाय न्हवं?"

"आहे."

"जित्याच्या नावानं कौलावर घास ठेवला की आयुष्य तुटतं त्याचं. माझ्या आईनं सांगितलंय, तिच्या आईनं सांगितलंय. मी ठेवला दोन वर्सं, मला म्हाईत नव्हतं म्हनून. त्याचा फोन आला तवा देवाला नारळ फोडला, म्हनलं माफ कर, नकळत झालं." त्यांचे डोळे भरले. "आता जानूनबुजून घालू? माझ्या हातानं मारू त्याला?"

"मी घास घाला म्हणत नाही, आक्का. मी म्हणते शालननं आपण होऊन सांगावं. पगार सोडते म्हणावं. मी भाऊसाहेबांच्या हातापाया पडते."

"आनि जागा? ती राहील?"

मी खोटं कशाला बोलू? "नाही राहायची," मी म्हणाले.

आक्कांनी सूप बाजूला सारलं. आत शालन भाकऱ्या थापत होती. मधे फक्त एक दार होतं आणि ते उघडं होतं. थापण्याचा आवाज थांबला होता हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्या चार दिवसांत मी स्वतःशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशी आयुष्यात भांडले नसेन. रस्त्यानं जाताना रत्नाबाई दिसल्या की मी वाट बदलायची. त्यांचा पगार ज्या तोंडानं बंद केला त्याच तोंडानं शालनला विधवा म्हणायचं? आणि म्हणायचं नाही, तर ऋतुजा सुट्टीला घरी आल्यावर तिच्याकडं बघायचं कसं? शेवटी मंगळवारी मी ठरवलं. खरं सांगायचं. माझं पद त्याच्यासाठीच आहे. ठरवल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला जेवण गेलं नाही.

बुधवारी दुपारी लोखंडे भाऊसाहेब आले. ओसरीत त्यांच्यासाठी खुर्ची टाकली होती. रत्नाबाई आधीच पायरीवर येऊन बसल्या होत्या, पदर कानामागं घट्ट खोवून. शालन दाराची चौकट धरून उभी होती. तिच्यामागं माजघरातली देवळी दिसत होती आणि देवळीत तो साधा, बटणांचा फोन. माझी नजर पुन्हा पुन्हा तिकडं जायला लागली. अमावास्या. दुपार. भट्टी बंद.

आक्का कुठं दिसत नव्हत्या. स्वयंपाकघरातून वड्यांचा वास येत होता.

"तर रत्नाबाई," भाऊसाहेब म्हणाले, "तुमचं म्हणणं काय ते सांगा."

"पाटलीणबाईला इचारा. तिचं म्हननं तेच माझं म्हननं. ती खरंच बोलती, मला अनुभव हाय."

भाऊसाहेब माझ्याकडं वळले. "पाटीलताई, हणमंत मयत आहेत, बरोबर?"

मी शालनकडं बघितलं. तिनं डोळे मिटले होते. मी तोंड उघडलं.

"थांब, जयमाला."

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात केळीचं पान होतं. तुकडा नव्हे, सबंध पान. त्यावर भात, वडे, भाजी, कढीची वाटी आणि मधोमध शेवयांची खीर. म्हाळाला आम्ही तांदळाची खीर करतो. शेवयांची हणमंतला आवडायची.

"आदी माझ्या पोराचा घास घालू द्या," आक्का म्हणाल्या. "मग तुमचं चालू द्या."

 आक्का अंगणात उतरल्या, पडवीच्या बुटक्या कौलांपाशी गेल्या आणि टाचा उंचावून पान वर सरकवलं. पान तिरकं झालं आणि कढी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. तांब्यातलं पाणी त्यांनी पानाभोवती सोडलं, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हणमंता, जेव बाबा."

कावळा काही येईना. पंधरा दिवस घरोघरचं खाऊन गावातले कावळे माजलेले असतात. शेजारच्या शेवग्यावर तीन-चार बसले होते, माना वाकड्या करून बघत होते. त्यांच्यातला एकही उठला नाही. लोक म्हणतात, गेलेल्याचं मन अडकलं असलं की कावळा शिवत नाही. इथं का शिवत नव्हता ते आम्हा तिघींना माहीत होतं, आणि मला वाटतं रत्नाबाईंनाही.

तेवढ्यात फोन वाजायला लागला.

शालन चौकटीला अशी चिकटली, जणू देवळीतून कुणी तिचंच नाव ओरडत होतं.  तिनं घेतला तर काय, नाही घेतला तर काय?

"फोन वाजतोय तुमचा," भाऊसाहेब म्हणाले. "घ्या की."

"वाजू दे," आक्का म्हणाल्या. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. "आदी माझ्या पोराला जेवू दे."

आणि त्या कावळ्यांना हाका मारायला लागल्या. "काव, काव. ये रं बाबा. ये रं, किती वाट बघू?" आत फोन वाजतोय, आणि अंगणात ही बाई मान वर करून कावळ्यांच्या विनवण्या करतेय, जिवंत लेकाचा घास घ्या म्हणून. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. आक्कांनी आवाज आणखी चढवला. त्यांचा पदर डोक्यावरून खाली आला तरी त्यांना भान नव्हतं.

शेवग्यावरचा एक कावळा उठला, कौलावर बसला, उड्या मारत पानापाशी गेला आणि वडा चोचीत धरून उडाला. मग बाकीचे आले.

फोन वाजायचा थांबला होता.

आक्का हात जोडून उभ्या होत्या त्या तशाच खाली बसल्या, मातीतच. मी उठायच्या आत रत्नाबाई उठल्या. त्यांनी आक्कांचा पदर नीट डोक्यावर ओढला, दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि भाऊसाहेबांकडं न बघता म्हणाल्या, "माझं काय बी म्हननं न्हाई. लिवा तसं."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"न्हाई म्हनलं न्हवं? आईनं घास घातलाय. आनि काय बघायचं ऱ्हायलंय?"

भाऊसाहेबांनी कागद माझ्यापुढं केला. "पाटीलताई?"

मी सही केली. काय बघून केली, असं मला त्यानंतर कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आणि आजही सांगेन: कावळ्याला घास नेताना डोळ्यांनी बघितलं आणि केली.

भाऊसाहेब गेले. रत्नाबाई जेवायला थांबल्या. शालन पानं घ्यायला लागली, पण तिचं लक्ष सगळं आक्कांकडं होतं. आक्का माजघरात गेल्या, देवळीतला फोन उचलला आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मनगटावरची कढी वाळली होती.

"जयमाला, ह्यो बंद कसा करत्यात गं?"

"लाल बटण दाबून धरायचं, आक्का."

"मला बटनं दिसत न्हाईत. तू धर."

मी फोन हातात घेतला. पडद्यावर न घेतलेल्या फोनचा नंबर उजळून दिसत होता. मी शालनकडं बघितलं. तिनं हातातलं पान खाली मांडलं. मी लाल बटणावर अंगठा ठेवला आणि पडदा काळा होईपर्यंत दाबून धरला.

"झालं?" आक्कांनी विचारलं.

"झालं, आक्का."

त्यांनी फोन परत देवळीत ठेवला. "मग वाढा आता," त्या म्हणाल्या. "रत्नाबाई कवाधरनं उपाशी बसलीया."